घाटात दम सोडणारी जुनी एमपीएफआय गाडी: दुसरा पंप घालण्याआधी काय मोजावे

गोव्यातल्या साखळीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. २००३ सालची, पेट्रोलवर चालणारी एमपीएफआय गाडी आहे, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरने पेट्रोल देणारी. मालक बोटीवर नोकरीला असल्यामुळे पावसाळ्याचे चार महिने ती दारातच उभी होती. आता सपाट रस्त्यावर ती ठीक चालते. मात्र केरी सोडून चोर्ला घाटाची चढण लागली की दहा-पंधरा मिनिटांत तिची ओढ कमी होते, ती झटके खाऊ लागते, आणि कडेला थांबवून दहाएक मिनिटांनी पुन्हा सुरू केली की काही झालेच नाही अशी चालते. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. गॅरेजमध्ये आधी फिल्टर बदलला, मग टाकीतला फ्युएल पंप नवीन बसवला आणि इंजेक्टरही साफ करून दिले. नव्या पंपावर गाडी आठवडाभर उत्तम चालली आणि मग दुखणे जसेच्या तसे परत आले. आता आणखी एक पंप घालावा की इंजिनचा कॉम्प्युटर बदलावा, असे आपण विचारले आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. सध्या यांपैकी काहीही विकत घेऊ नका. आतापर्यंत जे केले गेले ते सगळे भाग बदलणे होते, आणि त्यात एकदाही काही मोजले गेल्याचे आपल्या पत्रात दिसत नाही. खरा प्रश्न कोणता भाग खराब आहे हा नसून, इंजिनला चढणीवर पेट्रोल कमी पडते आहे का, आणि पडत असेल तर टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या वाटेत ते नेमके कुठे अडते, हा आहे. या प्रश्नाचे उत्तर प्रेशर, प्रवाह आणि पंपापर्यंत पोहोचणारा व्होल्टेज या तीन मोजमापांतून मिळते, पण ती मोजमापे दुखणे ज्या स्थितीत दिसते त्याच स्थितीत घ्यावी लागतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्याही आधीच मान्य करतो. गाडी कोणत्या कंपनीची आणि कोणत्या मॉडेलची हे आपण लिहिलेले नाही. त्या काळच्या काही गाड्यांत प्रेशर रेग्युलेटर इंजिनवरच्या रेलला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीला, लावलेला असतो आणि जास्तीचे पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते, तर काहींत रेग्युलेटर टाकीतल्या पंपाबरोबरच असतो आणि इंजिनपर्यंत एकच नळी येते. बॉनेट उघडून पाहिल्यास रेलकडे एक नळी येते की दोन, हे कळते. तपासणीची पद्धत त्यानुसार थोडी बदलते. घाट चढताना टाकीत किती पेट्रोल होते आणि डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लागला होता का, हेही समजणे गरजेचे आहे. शिवाय सकाळचा उशीर आणि घाटातली धाप ही एकाच कारणाची दोन रूपे असतीलच असे नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांत ती पुष्कळदा दोन स्वतंत्र दुखणी निघतात, म्हणून मी त्यांचा विचार वेगवेगळा करणार आहे.

कारण शोधायचे तर ही रचना डोक्यात स्पष्ट असायला हवी. टाकीच्या तळाशी पंप असतो आणि त्याच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. पंप पेट्रोल फिल्टरमधून रेलमध्ये ढकलतो, रेग्युलेटर तिथले प्रेशर ठरावीक ठेवतो आणि कॉम्प्युटर इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. यात एक मोठे गृहीत आहे: प्रेशर बरोबरच आहे असे कॉम्प्युटर धरून चालतो. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत रेलमधले प्रेशर मोजणारा सेन्सरच नसतो. त्यामुळे प्रेशर पडले तरी कॉम्प्युटरला ते थेट कळत नाही, आणि इंजिनचा दिवा न लागताही गाडी दम सोडते. दिवा लागत नाही म्हणजे पेट्रोलचा पुरवठा ठीक आहे, असा निष्कर्ष काढू नये. ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ झाल्याचे जाणवते हे खरे, पण पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना बहुतेक जुने कॉम्प्युटर त्या सेन्सरकडे लक्ष देत नाहीत.

आता सपाटीवर ठीक आणि घाटात नाही, असे का होते ते पाहू. एक लिटरच्या आसपासचे छोटे इंजिन आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत नुसते चालू असताना, तासाला सुमारे पाऊण लिटर, म्हणजे मिनिटाला बारा-तेरा मिलिलिटर पेट्रोल घेते. तेच इंजिन भरल्या गाडीने घाट चढताना चाळीसेक अश्वशक्ती देत असेल, तर त्याला तासाला साधारण बारा लिटर, म्हणजे मिनिटाला दोनशे मिलिलिटर लागतात. ही मागणी आयडलच्या पंधरापटीहून जास्त झाली. निकोप पंप मिनिटाला साधारण एक लिटर किंवा त्याहून अधिक पेट्रोल देतो. याचा अर्थ घाटातल्या गरजेच्याही पाचपट क्षमता त्याच्याकडे असते. तरीही घाटात पेट्रोल कमी पडत असेल, तर पंप नुसता थोडासा कमजोर झाला आहे असे नाही. पुरवठ्याचा मोठा हिस्सा कुठेतरी हरवतो आहे, आणि एवढा हिस्सा जिथे हरवतो ती जागा शोधली तर सापडतेच. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर गेज लावून प्रेशर बरोबर आहे असे सांगितले जाते, त्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही, त्याचे कारणही हेच आहे. आयडलची मागणी इतकी किरकोळ असते की नव्वद टक्के तुंबलेली जाळीसुद्धा ती पुरवू शकते.

थांबल्यावर दहा मिनिटांत गाडी बरी होते, हे आपल्या वर्णनातले सर्वांत मोलाचे वाक्य आहे. असे वागणारी कारणे मोजकीच आहेत. जाळीवर चिकटलेला गाळ पंप बंद झाला की ओढ सुटून खाली बसतो आणि पुन्हा थोडा वेळ वाट मोकळी होते. टाकीत हवा शिरण्याचा मार्ग बंद असेल, तर पेट्रोल खेचले जाईल तशी आत पोकळी वाढते आणि थांबल्यावर ती हळूहळू भरते. वायरचा जोड किंवा रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा विद्युत स्विच) तापून कमी विद्युतप्रवाह देऊ लागतो आणि थंड झाल्यावर सुधारतो. पंप स्वतःच तापून मंदावतो. शेवटचे कारण पेट्रोलशी संबंधितच नाही: क्रँक सेन्सर (इंजिनचे फिरणे कॉम्प्युटरला कळवणारा) किंवा इग्निशन कॉइल (ठिणगीची वीज देणारी) गरम झाल्यावर दगा देते.

या शेवटच्या कारणाची आधी छाननी करा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. कॉइल किंवा क्रँक सेन्सर गेला तर इंजिन बहुधा एकदम, दिवा मालवावा तसे बंद पडते किंवा तीव्र झटके देते, आणि क्रँक सेन्सरच्या बाबतीत आरपीएमचा काटा गाडी धावत असतानाच खाली पडतो. पेट्रोल कमी पडते तेव्हा गाडी हळूहळू मरगळते, ॲक्सिलरेटर अधिक दाबला तर सुधारण्याऐवजी आणखी बिघडते आणि पाय थोडा सैल केला की पुन्हा ओढू लागते. आपण घाटात जाल तेव्हा एवढेच पाहा, की पाय सैल केल्यावर सुधारते का. सुधारत असेल तर आपण पुरवठ्याच्या बाजूने चाललो आहोत असे समजायला हरकत नाही. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला तरी चढणीवर ओढ कमी होते, पण ती गाडी दहा मिनिटे थांबून पूर्ववत होत नाही.

दुसरी फुकटची तपासणी पेट्रोल भरायच्या झाकणाची. घाटात गाडीने दम सोडताच ती सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टाकीचे झाकण उघडा. आत जोराने हवा ओढली गेल्याचा आवाज आला आणि लगेच, दहा मिनिटे न थांबता, गाडी पूर्ववत ओढू लागली, तर हवेचा मार्ग बंद आहे. आपल्याकडे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे कारण वाटते त्यापेक्षा जास्त वेळा सापडते. कुंभारमाशी अशा बारीक नळीत मातीचे घर करते. कोळ्याचे जाळेही पुरते. २०११ साली माझदा कंपनीने अमेरिकेत आपल्या एका मॉडेलच्या हजारो गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या, कारण हवेच्या नळीत कोळी जाळे विणत होता आणि टाकीत पोकळी तयार होत होती. डिचोली-सत्तरी भागात तर खनिजाची लाल धूळ या नळ्यांत बसून पावसात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात तो दगडासारखा वाळतो.

या दोन पायऱ्यांवर उत्तर मिळाले नाही तर प्रेशर गेज लागेल. इथून पुढचे काम आपण एकट्याने करू नये असे मी कळकळीने सांगतो. रेलमध्ये पेट्रोल दाबाखाली असते, आणि गरम एक्झॉस्टवर त्याची बारीक चिळकांडी उडाली तर गाडी वाचत नाही, माणूसही भाजतो. काम मोकळ्या हवेत करावे, पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवावा, आणि नळी उघडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे आतले प्रेशर उतरते. मगच बॅटरीची मायनस तार काढावी. गेजची नळी आणि तिचे क्लिप इंजेक्शनच्या प्रेशरचेच असावेत. कार्ब्युरेटरच्या गाडीची नळी या कामाला चालत नाही.

रेलवर रेग्युलेटर असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन बंद ठेवून पंप चालवला की प्रेशर २.५ ते ३ बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास दिसते. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा, कारण टाकीत रेग्युलेटर असलेल्या गाड्यांत तो याहून जास्तही असतो. रेलवरच्या रेग्युलेटरला इंजिनच्या मॅनिफोल्डकडून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांकडून) एक बारीक व्हॅक्यूमची नळी आलेली असते, त्यामुळे आयडलवर प्रेशर सुमारे अर्धा बार कमी दिसते आणि ती नळी काढली की वर चढते. ती काढाल तेव्हा तिचे टोक नाकाशी धरा. त्यात ओले पेट्रोल असेल किंवा उग्र वास येत असेल, तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे आणि तो बदलावाच लागेल.

खरी परीक्षा मात्र चढणीवरच होते. आम्ही अशा वेळी लांब नळीचा गेज बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढून काचेच्या बाहेरच्या बाजूला पक्का बांधतो. तो गाडीच्या आत कधीही आणायचा नाही, कारण नळी फुटली तर पेट्रोल माणसांच्या अंगावर येते. एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने काटा पाहायचा. घाटात ॲक्सिलरेटर दाबलेला असताना मॅनिफोल्डमधले व्हॅक्यूम कमी होते, म्हणून रेलवर रेग्युलेटर असेल तर प्रेशर आयडलपेक्षा वर जायला हवे. ते वर जाण्याऐवजी दोन बारच्याही खाली घसरू लागले आणि त्याच वेळी गाडीने दम सोडला, तर पुरवठाच कमी पडतो हे सिद्ध झाले. प्रेशर हवे तितके राहिले आणि तरी गाडी अडखळली, तर पंप, फिल्टर, जाळी हे सगळे निर्दोष आहेत, आणि शोध इग्निशनकडे वळवावा. या एका फेरीत जितके पैसे वाचतात तितके दुसऱ्या कोणत्याही तपासणीत वाचत नाहीत.

प्रेशर पडते असे दिसले, तरी पंप लगेच काढू नका. आधी त्याला वीज किती मिळते ते पाहा. माझ्या अनुभवात किनाऱ्याजवळच्या आणि पावसात उभ्या राहिलेल्या जुन्या गाड्यांत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारे कारण हेच आहे. मागच्या सीटखाली किंवा डिकीत पंपाचा जोड आणि त्याच्या अर्थचा (मायनस तार गाडीच्या पत्र्याला जोडणारा) स्क्रू असतो. खारी, दमट हवा तिथे पोहोचली की तांब्यावर हिरवट थर चढतो. गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदीरही त्या वायरींवर दात चालवतात. पंप सुमारे पाच अँपिअर घेतो असे धरा. जोडात फक्त ०.३ ओहम अडथळा निर्माण झाला, तरी तिथे दीड व्होल्ट नाहीसा होतो, आणि साडेसात वॅट उष्णता त्या प्लास्टिकच्या जोडात साठत राहते. जोड तापला की अडथळा आणखी वाढतो. पंपाच्या मोटरचा वेग व्होल्टेजबरोबर उतरतो आणि प्रेशरविरुद्ध पेट्रोल ढकलण्याची त्याची क्षमता त्याहूनही झपाट्याने उतरते. दहा मिनिटे थांबले की जोड निवतो. आपल्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळते.

मोजण्याची रीत महत्त्वाची आहे. वायर सोडवून मल्टिमीटरने ओहम पाहू नयेत. एकच तार शिल्लक असलेली वायरही तिथे उत्तम दिसते, कारण मीटरचा प्रवाह नगण्य असतो. पंप चालू असतानाच मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसला आणि काळी पिन पंपाच्या जोडातल्या प्लसला लावावी. त्यासाठी लांब वायर जोडून घ्यावी लागते. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असला पाहिजे. मग तसेच पंपाची मायनस आणि बॅटरीची मायनस यांच्यामध्ये मोजावे. तिथे ०.२ व्होल्टच्या वर गेले तर अर्थचा स्क्रू काढून, घासून, नवे टोक लावून बसवावा. जोडाचे प्लास्टिक तपकिरी किंवा वितळल्यासारखे दिसत असेल तर मोजण्याचीही फारशी गरज उरत नाही. ही तपासणी गाडी थंड असताना एकदा आणि घाटातून तापून आल्यावर लगेच एकदा करा. थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघडलेली असेल, तर रिलेही बदलून पाहावा. काही जुन्या गाड्यांच्या रिलेमधल्या सर्किटच्या सोल्डरच्या डागाला बारीक तडा जातो आणि उष्णतेने तो उघडतो. बाहेरून तो रिले अगदी निरोगी दिसतो.

वीज पूर्ण मिळते आणि प्रेशर तरी पडते, असे निघाले तर शोध टाकीत उतरतो. आपल्या गाडीची सगळी हकीकत वाचून माझा पहिला संशय इथेच आहे, आणि त्याचे कारण नव्या पंपाने दिलेला तो एक आठवडा. पंपच मूळ दोषी असता तर नवा पंप निदान काही महिने टिकला असता. आठवड्यात परतणारे दुखणे सांगते, की जुन्या पंपाला ज्याने मारले ते अजून टाकीतच आहे. टाकी लोखंडी पत्र्याची असेल आणि गाडी अर्ध्या टाकीवर चार महिने उभी असेल, तर पेट्रोलच्या वरच्या मोकळ्या भागात दमट हवा असते आणि तिथला पत्रा गंजतो. गाडी हलू लागली की तो गंज तळाशी येतो. मोठे कण जाळीवर बसतात, आणि पिठासारखे बारीक कण जाळीतून पार होऊन पंपाच्या आतल्या अगदी कमी फटीच्या भागांना घासून काढतात. पंप बसवताना जाळी जुनीच ठेवली असेल, आणि हे सर्रास होते, तर नव्या पंपाला पहिल्या दिवसापासून कोंडलेले तोंड मिळाले. अशा पंपाचा आवाज बदलतो. मागच्या सीटवर बसून ऐकलात तर मंद गुणगुणीऐवजी उंच, ताणलेली शीळ ऐकू येते.

पंप काढला की आणखी एक जागा जरूर पाहा. पंपापासून, तो ज्या झाकणाला लटकलेला असतो त्या टाकीवरच्या झाकणापर्यंत वितभर लांबीची एक नळी असते, जी सतत पेट्रोलमध्ये बुडालेली राहते. बाहेर वापरायची इंजेक्शनची चांगली नळीसुद्धा या जागी चालत नाही. तिचे बाहेरचे आवरण पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेले नसते, त्यामुळे ती फुगते, मऊ पडते आणि क्लिपमधून सरकते. मग पंप उत्तम काम करत असतो, पण त्याचे अर्धे पेट्रोल टाकीतल्या टाकीतच परत सांडत असते. बाहेर एक थेंबही दिसत नाही. पंप बसवल्यावर काही दिवस ठीक चालून मग बिघडलेल्या गाड्यांत ही नळी मी नेहमी तपासतो. आत बुडवून वापरण्यासाठी बनवलेली नळी मागून घ्यावी, आणि क्लिप जुना वाकवून पुन्हा लावू नये.

टाकीच्या तळातले पेट्रोल एका पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि तासभर न हलवता ठेवा. खाली तपकिरी गाळ बसला तर गंज आहे. खाली वेगळा, स्वच्छ थर दिसला तर पाणी आहे, आणि इथे आजच्या पेट्रोलविषयी बोलणे भाग आहे. देशात २०२२ मध्ये पेट्रोलमधले इथेनॉल दहा टक्क्यांवर पोहोचले आणि २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे ई-२० पेट्रोल पंपांवर विक्रीला येऊ लागले. आपली गाडी बनली तेव्हा तिचे रबर आणि सील वीस टक्के इथेनॉलसाठी निवडलेले नव्हते. इथेनॉल पाणी शोषून घेते, पण त्याला मर्यादा असते. पाणी त्या मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि जड असल्यामुळे तळाशी बसतात. पंपाचे तोंड नेमके तिथेच असते. शिवाय इथेनॉल हे चांगले द्रावक असल्यामुळे वीस वर्षांपासून टाकीला आणि नळ्यांना चिकटलेला डिंकासारखा थर ते सोडवते, आणि तो थर पुढे जाऊन जाळी व फिल्टर भरतो. म्हणून जुन्या गाडीत आता फिल्टर बदलण्याचे अंतर मी पूर्वीपेक्षा कमी ठेवतो, आणि टाकी साफ केल्यानंतर काही आठवड्यांतच तो पुन्हा एकदा बदलतो.

मात्र सगळा दोष इथेनॉलवर टाकून मोकळे होण्याची जी सवय सध्या पसरली आहे ती मला मान्य नाही. ई-२० मध्ये उष्मांक थोडा कमी असल्याने सरासरी थोडी घटते, आणि मिश्रण बरोबर ठेवण्यासाठी कॉम्प्युटरला इंजेक्टर काही टक्के जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा पट पुरते. पण हा फरक आयडलवर, सपाटीवर आणि घाटात सारखाच असतो. घाटात दहा मिनिटांनी येणारी आणि थांबल्यावर जाणारी धाप त्यामुळे होत नाही. स्कॅनर लावणाऱ्याने फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर स्वतःहून पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) वाढलेली दाखवली, तर ती कुठे वाढली आहे ते विचारा. आयडलवर जास्त आणि वेगात कमी असेल तर कुठूनतरी बाहेरची हवा आत ओढली जाते आहे. उलट वेगात आणि भारावर वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पडते आहे. आपल्या देशात कारना ओबीडीची (बिघाड नोंदवून स्कॅनरला दाखवणाऱ्या यंत्रणेची) सक्ती २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे आपल्या गाडीला बाजारातला स्वस्त ब्लूटूथ रीडर जुळेलच असे नाही. कंपनीच्या जुन्या स्कॅनरवर काम करणारा माणूस गाठावा लागेल.

टाकीत गंज निघाला तर ती उतरवून धुवावी लागते. वरवर पेट्रोलने खळबळून काही होत नाही. पत्र्याचे पापुद्रे सुटत असतील तर टाकी बदलणे बरे. रिकामी केलेल्या टाकीला भोक दिसले म्हणून कोणी वेल्डिंग करायला निघाला, तर त्याला हात जोडून थांबवा. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते.

इथपर्यंतचा क्रम एकदा पुन्हा सांगतो: पाय सैल करून पाहणे, झाकण उघडून पाहणे, चढणीवर प्रेशर, तापल्या गाडीवर पंपाचा व्होल्टेज, आणि मगच टाकी. या क्रमात स्वस्त आणि सोपे आधी येते, आणि प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा खर्च करावा की नाही ते ठरवते.

प्रवाह मोजण्याविषयी थोडक्यात. रेलकडची परतीची नळी मोजपट्टी असलेल्या भांड्यात सोडून पंप अर्धा मिनिट चालवला तर किमान अर्धा लिटर यायला हवे. एकच नळी असलेल्या गाडीत ही तपासणी वेगळ्या जोडणीने करावी लागते. फिल्टरच्या आधी आणि नंतर असे दोनदा मोजता आले तर अडथळा फिल्टरमध्ये आहे की त्याच्या मागे, हेही निघते.

आता सकाळच्या उशिराकडे वळू. गाडी बंद केल्यावर रेलमध्ये काही प्रेशर टिकून राहावे, अशी रचना असते. पंपातला एकेरी व्हॉल्व्ह, रेग्युलेटर आणि इंजेक्टर मिळून ते धरून ठेवतात. यांपैकी एक गळका असला की रात्रभरात रेल रिकामी होते आणि सकाळी ती भरेपर्यंत सेल्फ मारत राहावे लागते. उद्या सकाळी असे करून पाहा: चावी ऑन करा, दोन-तीन सेकंद पंपाचा आवाज ऐका, चावी बंद करा, असे तीनदा करून मग सेल्फ मारा. गाडी लगेच सुरू झाली तर प्रेशर टिकत नाही हे नक्की. सुरू होताना पेट्रोलचा उग्र वास आणि काळा धूर आला तर इंजेक्टर गळतो आहे, आणि रात्रभर पेट्रोल इंजिनमध्ये झिरपते आहे. तेव्हा इंजिन ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास येतो का तेही पाहा, आणि येत असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका. धूर नसेल तर संशय पंपातल्या व्हॉल्व्हवर किंवा टाकीतल्या त्या वितभर नळीवर जातो. बाजारातल्या स्वस्त पंपांत हा व्हॉल्व्ह नवेपणीच नीट बसत नसल्याचे मी पाहिले आहे. गेज लावलेला असताना पंप बंद करून काटा किती वेगाने खाली येतो ते पाहिले, आणि जाणकार हाताने रबरी नळीवर योग्य चिमटा लावून आधी पुढची आणि मग परतीची बाजू अडवून पाहिली, तर गळती कोणत्या बाजूला आहे ते दहा मिनिटांत कळते. प्लास्टिकच्या कडक नळ्यांना मात्र चिमटा लावू नये, त्या तडकतात.

कॉम्प्युटरचा विचार आपण डोक्यातून काढून टाकावा असे मला वाटते. कॉम्प्युटर खराब होतो, पण तो चढणीवर दहा मिनिटे थांबून बरा होणारा आणि सपाटीवर निर्दोष चालणारा असा क्वचितच असतो. वापरलेला कॉम्प्युटर आणून बसवला आणि त्यात चावीचा इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारे कुलूप) असला, तर चालू असलेली गाडीही सुरू होणार नाही.

पंप पुन्हा घ्यावा लागलाच, तर टाकी, जाळी, आतली नळी, पंपाच्या झाकणाची रबरी रिंग आणि फिल्टर या सगळ्यांचे काम एकत्रच करून घ्या आणि जुना पंप सोबत ठेवा, म्हणजे त्याच्या तोंडात काय अडकले ते पाहता येते. त्यानंतर टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका. पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो, आणि चढणीवर वळणे घेताना कमी पेट्रोल एका बाजूला सरकून पंपाचे तोंड उघडे पडते. पुढच्या वेळी बोटीवर जाताना टाकी जवळजवळ भरून ठेवा, गाडी छपराखाली लावा आणि घरच्या कोणाला तरी पंधरवड्यातून एकदा ती नुसती सुरू न करता पाच-सात किलोमीटर फिरवून आणायला सांगा.

घाटातली फेरी झाल्यावर तीन आकडे लिहून ठेवा: आयडलवरचे प्रेशर, चढणीवर गाडीने दम सोडला त्या क्षणीचे प्रेशर, आणि तापल्या गाडीवर पंपाच्या जोडातला व्होल्टेज. त्यांच्यासोबत गाडीचे मॉडेल आणि टाकीतल्या पेट्रोलची बाटलीत दिसलेली स्थिती कळवलीत, तर पुढे काय उघडायचे आणि काय उघडायचे नाही हे मला नेमके सांगता येईल.